कंसात वर्ष की पान? पदवीच्या वर्गासाठी एपीए आणि एमएलए

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचं चौथं वर्ष ‘ऑनर्स विथ रिसर्च’चं झालं आणि संशोधन प्रकल्प बी.ए.च्या बाकांपर्यंत येऊन पोहोचला. त्यामुळे मुलांना संदर्भ द्यायला कोणत्या पद्धतीने शिकवायचं, हे आता अनेक विभागांना ठरवावं लागतंय. मी मराठी आणि इतिहासाच्या मुलांना आधी चार वर्षं एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संदर्भ-पद्धत) शिकवली, आता एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) शिकवतो. स्वल्पविराम कुठे आणि तिरपा टाइप कशाला, ते पुस्तिकांमध्ये मिळेलच. माझ्या मते खरा फरक मजकुरातल्या कंसात आहे. एपीए तिथे आडनावापुढे वर्ष मागते, एमएलए पान.

एपीएची बाजू कमकुवत अजिबात नाही. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांत माहिती किती ताजी आहे हे आधी बघावं लागतं. आकडा 2001 च्या जनगणनेतला की 2011 च्या, हे वाक्य वाचतानाच कळलं पाहिजे. अर्थशास्त्राचा प्रकल्प माझ्याकडे आला तर मीही एपीएच सांगेन.

माझं घोडं अडलं ते जुन्या मराठी पुस्तकांपाशी. एका विद्यार्थिनीने जोतीराव फुल्यांवर लिहिलं होतं, मनापासून आणि स्वतःच्या भाषेत. ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली आहे, हे सांगून तिने पुढे कंस केला होता: (फुले, 1991). ‘गुलामगिरी’ 1873 ची, जोतीराव 1890 साली गेले. पण तिच्या हातात राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या समग्र वाङ्मयाची 1991 ची आवृत्ती होती आणि तिने त्यावरचं साल इमानेइतबारे उतरवलं होतं.

एपीएमध्ये यावर तोड आहे: (फुले, 1873/1991). मी ती फळ्यावर लिहून दिली. पुढच्या आठवड्यात निम्म्या वर्गाच्या कंसांत तिरप्या रेघा आल्या, साध्या दुसऱ्या आवृत्तीलासुद्धा. मग पहिल्या प्रकाशनाचं साल शोधणं आलं. ग्रंथालयातली जुनी पुस्तकं नव्याने बांधताना सुरुवातीची पानं गेलेली, कुठे फक्त शके छापलेला. इसवी सन काढायला शकात 78 मिळवायचे की 79, यावर माझा एक अख्खा तास गेला. त्या तासात पुस्तकात काय लिहिलंय याबद्दल एकाही मुलाने प्रश्न विचारला नाही, हे मला फार लागलं.

घरी येऊन त्या मुलीचं वाक्य पडताळायला बसलो तर पानच नाही. एपीएमध्ये शब्दशः उतारा असेल तरच पान सक्तीचं. स्वतःच्या शब्दांत सांगितलं असेल तर ते देणं ऐच्छिक, आणि पदवीची मुलं बहुतेक स्वतःच्याच शब्दांत सांगतात. जाडजूड खंड समोर आणि शोधायची एक ओळ. त्या रात्रीच मी पद्धत बदलायचं ठरवलं.

एमएलएमध्ये छापील पुस्तकाचा आशय घेतला तरी पान द्यावं लागतं. मोजमाप माझ्याकडे नाही, पण तेव्हापासून मुलं शंका घेऊन येतात ती पुस्तक उघडं धरून. इंटरनेटवरून उतारा उचललेला मुलगा ‘सर, पान सापडत नाही’ म्हणत आपणहून येतो, आणि तिथे चोरीचा विषय न रागावता बोलता येतो. कंसात साल नसल्यामुळे काळाचं भान सुटतं, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून मी साल वाक्यातच घालायला सांगतो: ‘1873 मध्ये फुल्यांनी...’. वाक्यही त्याने सुधारतं. एकाच लेखकाची दोन पुस्तकं आली की कंसात छोटं शीर्षक जोडावं लागतं. तिथे मुलं थोडी गोंधळतात, पण आठवडाभरात सरावतात.

कंसाऐवजी पानाखाली द्यायच्या तळटिपा मला स्वतःला सगळ्यांत प्रिय. पण सादर करायच्या आदल्या रात्री मुलं परिच्छेद वरखाली करतात आणि ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतलंच पुस्तक) भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. एम.ए.ला जरूर शिकवाव्यात.

विद्यापीठाने पद्धत ठरवून दिली असेल तर अर्थात तीच पाळायची. तुमचे विद्यार्थी आकडेवारीत काम करणारे असतील तर एपीए घ्या. भाषा आणि इतिहासाच्या वर्गाला मात्र मी एमएलए घ्यायला सुचवेन, निदान पहिल्या वर्षी.

पहिल्या तासाला मी प्रत्येकाला ग्रंथालयातलं एक पुस्तक देतो. त्यातला एक मुद्दा स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहायचा, कंसात पान घालायचं, आणि वही शेजाऱ्याला द्यायची. शेजाऱ्याने ते पान काढून मुद्दा शोधायचा. यंदा एकीने 64 लिहिलं होतं आणि मुद्दा निघाला 66 वर. ‘नीट बघ, इथेच होता,’ असं म्हणत दोघी तास संपल्यावरही त्याच पुस्तकावर वाकून बसल्या होत्या.