फोल्डस्कोप: कागदाचा मायक्रोस्कोप, झेडपीच्या वर्गात वापरून बघितलेला

आधी सरळ उत्तर देते, कारण ओळखीतले बरेच शिक्षक हेच विचारतात की घ्यावा का. हो, घ्या. फक्त दह्यातले बॅक्टेरिया दिसतील म्हणून घेत असाल तर जरा थांबा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, आणि खरं सांगायचं तर त्या दह्यापायीच एवढं लिहायला बसलेय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जाड, पाण्याने खराब न होणारा कागद, त्यावर आखलेले भाग, ते सुटे करायचे, घड्या घालायच्या, एकात एक अडकवायचे, मधे मण्यासारखं बारीक काचेचं भिंग, आणि मोबाईलला चिकटवायला चुंबक. झाला मायक्रोस्कोप. नेहमीचा जो मिळतो तो साधारण 140 पट मोठं दाखवतो. मनू प्रकाश म्हणून मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले, आता स्टॅनफर्डला प्रोफेसर आहेत, त्यांनी आणि त्यांचा विद्यार्थी जिम सायबुल्स्की यांनी हा काढला आणि 2014 साली त्याचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, आला. त्या पेपरात सुट्या भागांचा खर्च एक डॉलरच्या आत सांगितलाय. आपल्या हातात पडेपर्यंत किंमत अर्थातच वाढते, तरी शाळेच्या नेहमीच्या मायक्रोस्कोपच्या पैशात याचे ढीगभर येतात.

आमच्याकडे तो नेहमीचा पण आहे बरं का. कपाटात. कपाटाची चावी हेडसरांकडे, वर प्लास्टिकचं कव्हर, तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो आणि पोरं लायनीत उभी राहून एकेकदा डोळा लावून "दिसलं मॅडम" म्हणून पुढे सरकतात, काय दिसलं विचारलं तर गप्प. मोडला तर भरून कोण देणार ही भीती मोठ्यांनाच असते, मग ती पोरांच्या हातात उतरतेच. कागदाच्या मायक्रोस्कोपचं पहिलं सुख म्हणजे तो पडला तर पडला. पेपरात तर लिहिलंय की तिसऱ्या मजल्यावरून टाकला किंवा पायाखाली आला तरी टिकतो. आम्ही वरून टाकून बघितला नाही (आमची शाळा बैठी आहे), पण दप्तरातून, सायकलच्या कॅरियरवरून, एकदा ओढ्यातून फिरून आलाय आणि चालतोय.

जोडायला वेळ लागतो. पाचवीच्या पोरांना एकट्याने जमत नाही, सहावी-सातवीची चित्रं बघत बघत जोडतात, पण सगळा एक तास त्यातच जातो असं धरून चला आणि त्या तासाला दुसरं काही शिकवायचं ठरवू नका. पुढच्या वेळी दोन मोठ्या मुली लहानांच्या शेजारी बसवल्या तर निम्मी कटकट कमी होते.

बघायची पद्धत पण वेगळी आहे. डोळा अगदी भिंगाला टेकवावा लागतो, पापणी लागली पाहिजे इतका जवळ, आणि तोंड उजेडाकडे. मोकळ्या आभाळाकडे बघायचं, सूर्याकडे चुकूनही नाही, हे पोरांना दहा वेळा सांगा. ढगाळ दिवशी टॉर्च चालतो. चष्मेवाल्यांनी चष्मा काढून फोकस आपल्या डोळ्याप्रमाणे सरकवायचा, जमतं. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग पडला की सगळं धुरकट दिसतं आणि पोरांची बोटं म्हणजे कायम खोबऱ्याच्या चटणीची, त्यामुळे आधी हात धुवा हा आमच्या वर्गाचा नियमच झालाय. चित्राच्या कडा मधल्या भागापेक्षा अंधुक दिसतात, एकाच गोल मण्यातून बघताना तेवढं चालवून घ्यावं लागतं.

स्लाईडसाठी काच-बिच शोधत बसू नका, पारदर्शक सेलोटेप बास आहे. कांद्याचा पातळ पापुद्रा, पाण्याचा थेंब, वरून टेप. पेशींच्या विटा रचल्यासारख्या ओळी लगेच दिसतात, आणि मेडिकलमधून आणलेल्या आयोडिनचा एक थेंब पाण्यात पातळ करून टाकला तर प्रत्येक पेशीतलं केंद्रक पिवळट तपकिरी उठून येतं. जास्वंदीचे परागकण जरूर दाखवा, ते मोठे असतात आणि अंगभर काटे. आमच्या एकाने बघितल्या बघितल्या "धोत्र्याचं बोंड हाय की" म्हणून सोडलं, आणि अगदी तसंच दिसतं. हौदातलं हिरवं शेवाळ, फुलपाखराच्या पंखावरची भुकटी, मुंगीचा पाय, मीठ, साखर, गणवेशाचा धागा, पोरं थांबतच नाहीत.

आता दही.

सातवीच्या पुस्तकात पेशी आणि सूक्ष्मजीव येतात, दह्यातला लॅक्टोबॅसिलस नावाचा बॅक्टेरिया येतो. इतकी वर्षं मी फळ्यावर बारक्या काड्या काढत आले, पोरं वहीत काड्या काढत आली, पेपरात काड्यांना मार्क मिळत आले. सगळं सुरळीत. फोल्डस्कोप हातात आल्यावर पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, मॅडम दही आणू का. आणलं. दह्याचा कण पाण्यात कालवून स्लाईड केली आणि बारीक बारीक गोल ठिपके दिसले, कितीतरी. वर्गात नुसता दंगा, "दिसले! जंतू दिसले!"

मी काही बोलले नाही. मला माहीत होतं की लॅक्टोबॅसिलस काडीसारखा असतो, लांबीला काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जाडीला एक मायक्रॉनपेक्षाही कमी, वर पारदर्शक, आणि या भिंगाला साधारण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक काही नीट वेगळं दाखवता येत नाही. पण सांगून टाकलं असतं तर विषय तिथंच संपला असता ना. एवढंच विचारलं की हे जंतूच आहेत कशावरून?

दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरच्या म्हशीचं धारोष्ण दूध औषधाच्या बाटलीत घेऊन आली. पाणी घालून स्लाईड केली, तर तेच गोल ठिपके. ती म्हणाली, "मॅडम, ह्यात अजून विरजणच घातलेलं न्हाई, मग हे जंतू आलं कुठनं?" लगेच मागच्या बाकावरून एकजण, "दुधातबी जंतू असत्यात, म्हणून तर तापवत्यात." मुद्दा बिनतोड! मला खरंच कौतुक वाटलं, कारण एरवी हा पोरगा प्रश्नोत्तरं लिहायचा कंटाळा म्हणून पोट दुखतंय सांगून घरी जाणारा. मग तापवलेलं दूध बघितलं, ठिपके होतेच, पण तो म्हणे मेलेले जंतू पण दिसतील की. शेवटी त्या मुलीनेच डोकं लावलं, घरी ताक घुसळतात त्याचं लोणी काढल्यावर उरलेलं ताक आणलं. त्यात गोल ठिपके फारच कमी, उरले ते वेडेवाकडे पुंजके. म्हणजे लोण्याबरोबर जे निघून गेलं ते जंतू कसे असतील, ती चरबी. म्हशीच्या दुधातले चरबीचे गोळे गाईच्या दुधापेक्षा सरासरीने मोठे असतात, त्यामुळे या साध्या भिंगातही ते छान दिसतात. पुंजके म्हणजे दुधातलं नासलेलं, गोठलेलं प्रथिन.

तुलनेसाठी शेजारी दुसरा नमुना ठेवायचा असतो हे आम्ही डीएडला पाठ केलं होतं, प्रयोगवहीत कृती आणि अनुमान यांच्यामधे कुठेतरी. या पोरांनी ते शब्द न ऐकताच भांडता भांडता केलं. आणि ते झालं कशामुळे, तर यंत्र कमी पडलं म्हणून. चांगल्या मायक्रोस्कोपमधे काड्या स्वच्छ दिसल्या असत्या, पुस्तकातल्या चित्राशी जुळल्या असत्या, टाळ्या, पुढचा धडा. त्यामुळे रिव्ह्यूमधे हे फायद्यात लिहू की तोट्यात हे मला अजून ठरवता येत नाही. बॅक्टेरियाच दाखवायचे असतील तर हा 140 पटीचा नको, हायस्कूल किंवा कॉलेजच्या लॅबला पोरं घेऊन जा. कागदाचीच दोन हजार पटीच्या वर जाणारी आवृत्ती त्या पेपरात आहे, पण शाळांना जो मिळतो तो हा.

यावरून लेव्हेनहुकचा विषय निघाला. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा कापडाचा व्यापारी, शिक्षण बेताचं, एकाच बारक्या भिंगातून बघत बघत 1683 मधे दाताच्या कीटणातले बॅक्टेरिया त्याने बघितले आणि लंडनला पत्र लिहून कळवले. पोरांचा प्रश्न ठरलेला, त्याला दिसले तर आपल्याला का नाही? कारण त्याची भिंगं जास्त ताकदीची, त्यातलं आज शिल्लक असलेलं सगळ्यात चांगलं भिंग अडीचशे पटीच्या पुढे जातं. मणी जितका लहान तितकं मोठं दिसतं हे कुणाला पटेना, म्हणून प्लास्टिकच्या पट्टीवर पाण्याचे लहानमोठे थेंब ठेवून त्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचली. आता एकाला घरीच काच वितळवून भिंग करायचंय, त्याच्या आईचा मला फोन येऊन गेलाय, गॅसपाशी जायचं नाही एवढं कबूल करून घेतलंय.

घेताना एकटा घेऊ नका, वर्गासाठी चार पोरांत एक या हिशोबाने घ्या, वर्गणी काढा, ग्रामपंचायतीला विचारा, माजी विद्यार्थ्यांना विचारा, देतात लोक. वर्गात एकच असला तर त्याचीही लाईन लागते आणि मग तो आणि कपाटातला सारखाच. पोरांना शनिवारी घरी न्यायला द्या. सोमवारी डब्यातून, काडेपेटीतून काय काय येईल ते मात्र सोसायची तयारी ठेवा, माझ्या टेबलाच्या खणात सध्या एक पाल आहे, मेलेली, तिच्या पायाची स्लाईड करायची बाकी आहे म्हणे.