प्रतीक्षा यादीतला २७ वा क्रमांक आणि गेलेले १,११,८०० रुपये

माझ्या मुलीला अभियांत्रिकीच्या कॅप (शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून सांगलीच्या एका महाविद्यालयात संगणक शाखा मिळाली होती, शुल्क भरून प्रवेशही पक्का झाला होता, आणि तरीही एका भामट्याच्या फोनवर विसंबून आमचे १,११,८०० रुपये बुडाले. हे लिहिताना लाज वाटते. पण मी गप्प बसलो तर तोच माणूस पुढच्या हंगामात दुसऱ्या पालकांना फोन करील.

सांगलीचा प्रवेश हातात ठेवून आम्ही पुण्यातील एका खासगी महाविद्यालयाच्या संस्थास्तरीय, म्हणजे महाविद्यालय स्वतः भरते त्या, जागांसाठी अर्ज केला होता. यात गैर काहीही नाही. त्या जागाही गुणवत्ता यादीनेच भरायच्या असतात, आणि त्या यादीत मुलगी प्रतीक्षेत २७ वी होती. मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून उरलेले शुल्क परत मिळते. मुदत उलटली की त्या पैशांची आशा सोडावी लागते. म्हणून ती तारीख जवळ येऊ लागली की घरात दुसरा विषय उरत नाही. नेमका तेव्हाच, पुण्याची जागा मिळवून देतो, असा फोन आला.

बोलणाऱ्याने मुलीचा अर्ज क्रमांक, सीईटीचे पर्सेंटाइल आणि यादीतील स्थान न अडखळता सांगितले. एवढे तपशील बाहेरच्या माणसाकडे कसे असतील, असे मला वाटले, आणि माझ्या जागी कुणालाही वाटले असते. ते सारे संकेतस्थळावर लावलेल्या यादीतच होते, हे मागाहून ध्यानात आले. त्या यादीत नव्हता तो फक्त माझा मोबाइल क्रमांक. फोन करणाऱ्याला आधी तेवढेच विचारा की, माझा नंबर तुम्हाला कुणी दिला?

आधी ११,८०० रुपये ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून मागितले : दहा हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. लबाड माणूस कर लावून पैसे मागेल, असे कुणाच्या मनात येते? मग जागा राखण्यासाठी २५,००० आणि शेवटी पहिल्या हप्त्याचे म्हणून ७५,०००. हे शेवटचे पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपवर खातेदाराचे नाव दिसले. ते महाविद्यालयाचे नव्हते, शिक्षणसंस्थेचेही नव्हते. कुणा बाईचे साधे नाव होते. मी विचारले. “लेखा विभागातल्या मॅडमचं खातं आहे. संस्थेच्या खात्यात भरलंत तर पैसे कॅपच्या हिशेबात जातील आणि तुमची जागा सुटेल,” असे उत्तर आले. या वाक्याला काडीचा अर्थ नाही, हे आज दहावीचे पोरही सांगेल. ते नाव आजही डोळ्यांपुढून हलत नाही. पण तोवर ३६,८०० गेले होते, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि सकाळी दहापर्यंतची मुदत त्यानेच घातली होती. शुल्क व्यक्तीच्या खात्यात कधीही भरू नका, मग ती व्यक्ती प्राचार्य का असेना.

त्यानंतर त्याने सांगलीचा प्रवेश ताबडतोब रद्द करायला सांगितले. नाव दोन्हीकडे दिसले तर पोर्टल स्वीकारणार नाही म्हणे. ती जागा वाचली ती सांगलीच्या एका लिपिकामुळे. रद्द करण्याचा अर्ज हातात घेण्याआधी त्याने पुण्याची पावती मागितली, ती पाहिली आणि तिच्यावर संस्थेचा संकेतांकच नाही, हे दाखवले. नवा प्रवेश प्रत्यक्ष कार्यालयात जाऊन, मूळ कागदपत्रे पडताळून झाल्याशिवाय जुना सोडू नका.

मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्या खात्यात केवळ ९,४५० रुपये गोठवले गेले, आणि तेही न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे मला सांगण्यात आले. आमच्या पोलीस ठाण्यात म्हणाले, महाविद्यालय पुण्यात आहे, तिकडे जा. पुण्यात म्हणाले, राहता तिथे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, कोणत्याही ठाण्यात माहिती घ्यावी लागते, आणि हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हे मी सांगितल्यावर समोरच्या अधिकाऱ्याने मला बसायलाही सांगितले नाही. उलट, तुम्हीच मागच्या दाराने जागा विकत घ्यायला निघाला होतात, कॅपिटेशन फीविरोधी, म्हणजे प्रवेशासाठीच्या देणगीविरोधी, १९८७ चा कायदा ठाऊक आहे का, असे मलाच सुनावले. मी शुल्क भरत होतो, देणगी नव्हे. प्रत्येक रकमेची पावती मागून घेतली होती. देणगी देणारा माणूस पावती मागतो का? बँकेने व्यवहार तुमच्याच पिनने झाला म्हणून हात झटकले. महाविद्यालयाने तर दलालांपासून सावध राहण्याची सूचना संकेतस्थळावर आहे, एवढे उत्तर पाठवले; मुलांची नावे, अर्ज क्रमांक आणि गुण ज्या संकेतस्थळावर उघडे टाकले होते, त्याच संकेतस्थळावर! पैसे गेल्याचे कळताच, ठाण्याच्या चकरा नंतर मारा, आधी १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरायला वेळ लागत नाही.

गेल्या आठवड्यात आणखी एक फोन आला. गोठवलेली रक्कम न्यायालयातून सोडवून देतो, त्यासाठी ४,९९९ रुपये लागतील, असे एका ‘वकिला’चे म्हणणे होते. माझ्या तक्रारीचा क्रमांक त्याला तोंडपाठ होता.