गॅब्रिएल नाइट की ब्लॅकवेल? भुताच्या रहस्याचा पहिला गेम निवडताना

भाचीची बारावी झाली, निकाल लागला, आता प्रवेशाच्या यादीची वाट बघणं चालू आहे. बाहेर कोल्हापूरचा जुलै. सकाळी उठल्या उठल्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं ते बघायचं, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, आणि मग दिवसभर पावसाचा आवाज ऐकत घरात बसायचं. परवा मंगळवार पेठेतून तिचा फोन आला. "मामा, मारामारीचे गेम बास झाले. भुताचं रहस्य असलेला, डोकं चालवायला लावणारा गेम पाहिजे. पैसे एकाचेच आहेत. गॅब्रिएल नाइट घेऊ का ब्लॅकवेल?"

फोनवर उत्तर देता आलं नाही. दोन्हींवर माझा जीव आहे आणि दोन्ही अगदी वेगळ्या कारणांसाठी. म्हणून नीट बसून लिहितोय. तिच्यासारखंच कुणी ठरवत बसलं असेल तर त्यांच्याही कामाला येईल.

ज्यांनी हा प्रकार कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पॉइंट-अँड-क्लिक ॲडव्हेंचरमध्ये बोटांच्या चपळाईला फारसं काम नसतं. पडद्यावर एक खोली, एक चौक, एक दफनभूमी दिसते. माउसनं वस्तूंवर क्लिक करून त्या तपासायच्या, उचलून जवळ ठेवायच्या, माणसांशी बोलायचं, आणि कुठली गोष्ट कुठे उपयोगी पडेल ते ओळखायचं. अडलात तर अडलात. जेवताना, गाडी चालवताना, झोपताना ते कोडं डोक्यात फिरत राहतं आणि मग अचानक सुटतं. तो क्षण मिळावा म्हणूनच हे गेम खेळायचे.

आता गॅब्रिएल नाइट. पूर्ण नाव 'गॅब्रिएल नाइट: सिन्स ऑफ द फादर्स'. सिएरा कंपनीनं तो १९९३ साली आणला, कथा आणि रचना जेन जेन्सन यांची. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा, दुकान नीट चालत नसलेला गॅब्रिएल हा लेखक. शहरात वूडू या आफ्रिकेतून आलेल्या पंथाच्या खुणा मागे ठेवून खून होत आहेत आणि त्यावर कादंबरी लिहावी म्हणून तो माहिती काढायला लागतो. मोझली नावाचा त्याचा दोस्त पोलिसात आहे. दुकानात ग्रेस आहे, जी संशोधनात त्याच्यापेक्षा दहा पट हुशार आहे. गॅब्रिएलला रात्री एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडतं. पुस्तकासाठी सुरू झालेला तपास हळूहळू त्याच्याच घराण्याच्या दारात येऊन उभा राहतो.

कथा दहा दिवसांत विभागलेली आहे. सकाळ झाली की दुकान, कॉफी, वर्तमानपत्र, मग शहरभर भटकंती. जॅक्सन स्क्वेअर, सेंट लुईस कॅथेड्रल, वूडूची राणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या मारी लाव्होची समाधी असलेली जुनी दफनभूमी, पाँचरट्रेन तलावाचा काठ. ही सगळी खरी ठिकाणं आहेत आणि गेम तुम्हाला त्यांत रमू देतो. पहिल्या दोन दिवसांत तर भुतासारखं काही घडतच नाही म्हटलं तरी चालेल. प्राध्यापकाकडून वूडूचा इतिहास ऐकायचा, वूडूच्या वस्तुसंग्रहालयात तिथल्या डॉक्टर जॉनला प्रश्न विचारायचे, संभाषणं टेपवर घ्यायची आणि पुन्हा ऐकायची. कुणी म्हणेल हे संथ आहे. मला हा संथपणाच फार मोलाचा वाटतो. वूडू म्हणजे बाहुलीला टाचण्या एवढंच ठाऊक असलेल्या माणसाला गेम आधी अभ्यासाला बसवतो. गुलामगिरीत ओढून नेलेल्या माणसांनी आफ्रिकेतून आपले देव आणि आपले ढोल कसे बरोबर नेले ते समजावतो, आणि मगच भीती दाखवतो. तोवर ती भीती आपल्या ओळखीची झालेली असते. एक गोष्ट मात्र खटकते. गॅब्रिएल ग्रेसशी ज्या तऱ्हेनं बोलतो, सतत लगट करत, ते आज ऐकवत नाही. ग्रेस त्याला चोख उत्तरं देते, तरीही.

यातलं एक कोडं मी जन्मात विसरणार नाही. समाधीवर वेड्यावाकड्या चिन्हांत काहीतरी खरडलेलं असतं. ती चिन्हं उतरवून घ्यायची, एकेका अक्षराचा माग काढत वाचायची, आणि पुढे त्याच लिपीत आपला निरोप विटेच्या तुकड्यानं समाधीवर लिहायचा. ज्यानं कधी मोडीच्या वर्गाला बसून एखादा जुना कागद अक्षर अक्षर लावत वाचलाय, त्याला हा आनंद लगेच कळेल. त्याउलट पोलिसाच्या मोटरसायकलवरचा वायरलेस ऐकण्यासाठी चौकातल्या मूकनाट्यवाल्याला आपल्या मागे मागे आणून त्या पोलिसाच्या गळ्यात घालायचं, हे कोडं मला कधीच पटलं नाही. तिथं भाचीनं तासभर घालवण्यापेक्षा खुशाल मदत बघावी.

ब्लॅकवेलकडे वळण्याआधी घरातली एक गोष्ट सांगतो, कारण त्या गेमबद्दल जे सांगायचंय ते तिच्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

आजी गेली तेव्हा मी नववीत होतो. कोल्हापुरात निधनाच्या बातमीत शेवटची ओळ ठरलेली असते, रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता. त्याप्रमाणे सगळे पंचगंगेवर जमलो. नैवेद्य ठेवला. आजीला आवडायचं ते सगळं होतं. कावळे समोरच्या झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. मग मोठी माणसं एकेक करून हात जोडून बोलायला लागली. थोरले काका म्हणाले, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, काळजी करू नकोस. काही नाही. दुसरे काका म्हणाले, आम्ही भाऊ वाटणीवरून भांडणार नाही. तरी नाही. अर्धा तास गेला. शेवटी आई पुढं झाली आणि हळूच म्हणाली, "तुमची म्हैस विकणार नाही. मी स्वतः धार काढीन." कावळा आला.

कावळ्यानं काय ऐकलं यावर मला इथं काही म्हणायचं नाही. पण त्या अर्ध्या तासात घरातला प्रत्येक जण मनाशी एकच कोडं सोडवत होता : या माणसाचा जीव कशात अडकलाय? ब्लॅकवेल हा गेम हेच कोडं सोडवायला देतो.

तो सुरूच होतो रक्षाविसर्जनानं. रोझँजेला, म्हणजे रोझा ब्लॅकवेल, ही न्यू यॉर्कमधली लाजाळू, एकटी राहणारी तरुण लेखिका. पुलावर उभी राहून ती आत्याची राख पाण्यात सोडते. आत्या कित्येक वर्षं रुग्णालयात हरवलेल्या अवस्थेत होती, आजीचंही तसंच झालं होतं. आणि मग रोझाला कळतं की घराण्यात वेड चालत आलेलं नाही, एक भूत चालत आलंय. त्याचं नाव जोई मलोन. सूट, हॅट, टाय, जिभेला धार. तो रोझापासून फार लांब जाऊ शकत नाही, आणि तीही त्याच्यापासून सुटू शकत नाही. दोघांनी मिळून शहरात अडकून पडलेल्या आत्म्यांना वाट दाखवायची, हे त्या घराण्याच्या वाट्याला आलेलं काम.

हे आत्मे दुष्ट नसतात. बहुतेकांना आपण मेलोय हेच ठाऊक नसतं. तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत, तीच गोष्ट शोधत ते भटकत असतात. त्यांच्याशी थेट वाद घालून उपयोग नाही. आधी हे कोण होते, कुणाशी काय बोलायचं राहून गेलं, कशाची लाज वाटत होती, ते जिवंत माणसांकडून शोधून काढायचं. मग परत येऊन नेमकी ती गोष्ट बोलायची. बरोबर बोललात तर त्यांना गती मिळते. आपल्याकडे अतृप्त आत्मा म्हणतात तो शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून मला वाटतं हा गेम आपल्या मनाला फार लवकर भिडतो. गॅब्रिएल नाइटमधली अमानवी शक्ती म्हणजे समोर उभा ठाकलेला वैरी. ब्लॅकवेलमधलं भूत म्हणजे ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही असा माणूस.

मालिका वॅजेट आय गेम्सच्या डेव्ह गिल्बर्ट यांची. पहिला भाग लेगसी २००६ चा, मग अनबाउंड २००७, कन्व्हर्जन्स २००९, डिसेप्शन २०११ आणि शेवटचा एपिफनी २०१४. पहिला भाग दोन-तीन तासांत होतो. खरं सांगायचं तर पाचांत तोच सगळ्यात कच्चा आहे. संभाषणं लांबतात, चित्रं साधी, ठिपके ठिपके दिसणारी. पण रोझा आणि जोई यांची गाठ तिथंच पडते, त्यामुळे तो गाळू नये. अनबाउंडमध्ये गोष्ट मागे, १९७३ सालात जाते आणि रोझाच्या जागी तिची आत्या लॉरेन तरुणपणी दिसते. पहिल्या भागात जिची राख आपण पाहिली ती बाई इथं सिगरेट ओढत, थकून, तरी रोज रात्री कामाला निघताना बघणं हे मला सगळ्या मालिकेत सर्वांत जड गेलं. इथून पुढे जोईकडून स्वतः खेळताही येतं. त्याला वस्तू उचलता येत नाहीत, पण बंद दारातून पलीकडे जाता येतं, फुंकर घालता येते. रोझाला (अनबाउंडमध्ये लॉरेनला) बोलता येतं, हात लावता येतो. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायचं, यावर अनेक कोडी उभी आहेत आणि ती जवळजवळ सगळी न्यायाची आहेत. उत्तर कळल्यावर "हे मला सुचायला हवं होतं" असं वाटतं.

शेवट कसा होतो ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की पाच गेम या माणसांच्या सोबतीनं काढल्यावर तो येतो म्हणूनच तसा लागतो.

इंग्रजीचं बोलायला हवं, कारण भाची मराठी माध्यमातली. गॅब्रिएल नाइटमध्ये वाचायला भरपूर आहे आणि जुन्या आवृत्तीतली निवेदिका न्यू ऑर्लिन्सच्या ठसक्यात, सावकाश, शब्द घोळवत बोलते. आवाज अप्रतिम आहे, गॅब्रिएलला टिम करी यांचा आणि मोझलीला मार्क हॅमिल यांचा, पण कान बसायला वेळ लागतो. ब्लॅकवेलमधली माणसं रोजच्या साध्या वाक्यांत बोलतात आणि बोललेलं सगळं अक्षरांत समोर दिसतं. बारावीच्या इंग्रजीवर ते निभतं.

गॅब्रिएल नाइट घ्यायचाच तर दोन आवृत्त्यांपैकी एक निवडावी लागेल. २०१४ साली जेन्सन यांच्याच देखरेखीखाली तो नव्यानं बनवला गेला. त्यात चित्रं नवी, आवाज नवे, काही कोडी बदललेली, तपासाची वही आहे आणि अडल्यावर पायरी पायरीनं सूचना मिळते. पहिल्यांदाच असा गेम खेळणाऱ्यानं ही नवी आवृत्ती घ्यावी. जुनीत वातावरण जास्त दाट आहे, पण तिथं एकेका कृतीसाठी वेगळं चिन्ह निवडावं लागतं. शेवटच्या दिवसांत गॅब्रिएल मरूही शकतो. सेव्ह केलं नसेल तर मागचं सगळं पुन्हा. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा कुठलाही गेम असो, दर पंधरा मिनिटांनी स्वतः सेव्ह करायची सवय लावून घ्यावी. ब्लॅकवेलला लॅपटॉप कितीही जुना असला तरी चालतो. नव्या गॅब्रिएल नाइटला जरा बरा लागतो.

एक गोष्ट पालकांनी आणि खेळणाऱ्यांनीही आधी माहीत करून घ्यावी. गॅब्रिएल नाइटमध्ये खून आहेत आणि ते सौम्य करून दाखवलेले नाहीत. ब्लॅकवेल लेगसीमध्ये रक्त फारसं नाही, पण कथेच्या मध्यभागी एका विद्यार्थिनीची आत्महत्या आहे. जवळच्या कुणाच्या बाबतीत असं घडलं असेल तर हा गेम थोडा पुढं ढकलावा. मी भाचीच्या आईशी आधी बोललो.

तिनं तिसरं नाव विचारलं नव्हतं, पण मित्र विचारतात. थिम्बलवीड पार्क, २०१७ चा, १९८७ साली घडणारा, पाच पात्रं आलटून पालटून खेळायची. कोडी उत्तम, सोपा आणि अवघड असे दोन प्रकार. पण त्याचा जीव विनोदात आहे, रात्री अंगावर काटा यावा म्हणून तो घेऊ नये. कॅथी रेन, २०१६ चा, हा गॅब्रिएल नाइट आणि ब्लॅकवेल यांच्या मधला. १९९५ साल, पत्रकारितेची विद्यार्थिनी, आजोबांच्या अंत्यविधीला गावी परत येते आणि त्यांच्या आयुष्यातली एक रात्र उकरू लागते. ब्लॅकवेल संपल्यावर पुढचा म्हणून तो चांगला आहे.

तर भाचीला मी ब्लॅकवेल सांगितला. पैसे एकाचेच आहेत आणि पहिले चार भाग एकत्र एका बंडलमध्ये मिळतात, हे एक कारण. दिवसाला एक प्रकरण संपवून झोपता येतं, हे दुसरं. खरं कारण ती तशी आहे म्हणून. रस्त्यात अनोळखी आजी भेटली तरी पाच मिनिटांत तिच्या सुनेपर्यंतची सगळी हकिगत काढून आणणारी ही मुलगी. तिला लिप्या आणि कुळाचे शाप उलगडण्यापेक्षा माणसं उलगडण्यात जास्त रस वाटेल. तिचा भाऊ, जो भवानी मंडपात उभं राहून शिलालेख वाचत बसतो आणि घरच्यांना ताटकळत ठेवतो, त्यानं विचारलं असतं तर मी डोळे झाकून गॅब्रिएल नाइट म्हणालो असतो. त्याला दहा दिवस पुरले नसते.

काल रात्री तिनं लेगसी सुरू केला. साडेअकराला मेसेज आला. "मामा, शेजारणीचं नाव निशांती आहे आणि तिच्या कुत्र्याचं नाव मोती आहे. आपला मोती!" मग थोड्या वेळानं दुसरा. "हा मोती मला काही करू देईना. काय करू? नको, सांगू नकोस."