तंजावर की मदुराई?

राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सारी उंची गाभाऱ्यावरील विमानाला, म्हणजे शिखराला, दिलेली आहे, तर मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात ती रंगीत मूर्तींनी गजबजलेल्या गोपुरांकडे, म्हणजे प्रवेशद्वारांवरील मनोऱ्यांकडे, गेली आहे. स्थापत्यासाठी मी तंजावरच निवडेन. शिवाय तेथील मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रेही जतन केलेली आहेत. मात्र तमिळ भक्तीचा नित्यक्रम अनुभवायचा असेल, तर मदुराईला पर्याय नाही, कारण तेथे रोज रात्री सुंदरेश्वराच्या, म्हणजे मीनाक्षीचा पती शिवाच्या, पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेल्या जातात. खाण्यातही मदुराईच सरस : वाफाळती इडली आणि नंतर जिगरठंडा हे दुधाचे थंड पेय, ज्याच्या नावात तमिळ काहीच नाही.