स्वमग्न मुलाचा नंबर: दुकानात, थेंब घालून की मलम लावून?

सांगली-मिरजेकडे स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायला तीन वाटा आहेत: चष्म्याच्या दुकानातलं मशीन, दवाखान्यात थेंब घालून तपासणी, किंवा घरी तीन दिवस ॲट्रोपिनचं, म्हणजे बाहुली मोठी करणारं, मलम लावून मग तपासणी. टाळाटाळ मात्र नको. सिलिंड्रिकल नंबर, तिरळेपणा, आळशी डोळा (एका डोळ्याची नजर मागे पडणं) हे सगळं या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतं, आणि ‘नजर देत नाही, स्वमग्न आहे ना’ म्हणत खरा दोष राहून जातो.

दुकान मी आधीच बाजूला ठेवते. हनुवटी टेकवून स्थिर बसायचं, मग ‘हे स्पष्ट की ते?’ याचं उत्तर द्यायचं. न बोलणारं मूल काय सांगणार? शिवाय थेंबांशिवाय लहान मुलांचा प्लस नंबर, म्हणजे जवळचं पाहायला डोळ्याला जोर लावावा लागणारा दोष, लपतो.

खरी निवड थेंब की मलम, एवढीच. दोन्हींत पुढची तपासणी एकच, रेटिनोस्कोपी. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर प्रकाशाची पट्टी बाहुलीवरून फिरवतात, मधे भिंगं बदलत जातात आणि आतून परतणाऱ्या लालसर उजेडाच्या हालचालीवरून नंबर काढतात. मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

सायक्लोपेन्टोलेटचे थेंब चुरचुरतात, पण असर साधारण दुसऱ्या दिवशी उतरतो. क्वचित मूल सुस्तावतं किंवा बिथरतं. अनोळखी हातानं डोळ्यात काही घातलं की काही मुलं नंतर टॉर्चही जवळ येऊ देत नाहीत.

मलम आईच्या हातचं. तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीत, झोपेतही लावता येतं. पण बाहुली दहा-पंधरा दिवस मोठी राहते, जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात. उजेड आधीच न सोसणाऱ्या मुलाला हे फार जड जातं, म्हणून परीक्षेच्या तोंडावर आणि कडक उन्हाळ्यात नको. चेहरा लाल झाला, ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा. ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर धोक्याचं आहे.

माझं मत: मूल लहान असेल आणि डोळा आत वळत असेल, तर मलमच, डॉक्टरही बहुधा तेच सांगतात. हात लावू न देणाऱ्या लहानग्यालाही मलम बरं. शाळकरी आणि किशोरवयीन मुलांना थेंब, सकाळची पहिली वेळ मागून, म्हणजे गर्दी नसते. जत-आटपाडीहून एसटीनं येणाऱ्यांनी थेंब की मलम, ते आधी फोनवर विचारून घ्यावं. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मलम लावू नका.

मूल ठरावीक दोन-तीनच पदार्थ खात असेल तर तेही सांगा. अ जीवनसत्त्व कमी पडलं की तिन्हीसांजेला मूल ठेचकाळू लागतं, आणि त्यावर चष्म्याचा उपयोग नाही.