आधी आठवणी की रोजनिशी?
युद्ध ओसरल्यावर साधी माणसं कशी जगली, हे ग्वाल्हेरच्या वाचनमंडळात वाचायचं तर सुरुवात गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पासून करावी. 1857-58 च्या उठावाचा काळ पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलेला, छापला गेला 1907 मध्ये. त्यामुळे तारखा आणि आकडे पडताळूनच घ्यावे लागतात. पण झाशीच्या लुटीत आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, कपडे, शेवटी धान्य कसं गेलं, हा क्रम लखलखीत उरतो!

त्यानंतर घ्यावी बर्लिनमधल्या एका निनावी स्त्रीची रोजनिशी, 20 एप्रिल ते 22 जून 1945 ची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरची. रेशन, पंपावरचं पाणी, ढिगारे उपसण्याची सक्ती: भूक तिथे दिवसागणिक दिसते, कारण उद्याचं लिहिणारीलाच ठाऊक नव्हतं. मात्र तिच्या नोंदींवरही नंतर हात फिरलेला आहे.