ऑफिसच्या मेल सर्व्हरला विन्स लागतं का?

सर्व्हर बदलायची वेळ आली की जुन्या यादीत विन्सची ओळ हमखास सापडते. विन्स म्हणजे मशीनच्या छोट्या नावावरून त्याचा आयपी पत्ता सांगणारी विंडोजची जुनी सेवा. कुणीतरी कधीतरी बसवलं, चालतंय म्हणून पुढे कुणी हात लावला नाही. आता नव्या एक्स्चेंजसाठी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरसाठी, ते ठेवायचं की काढायचं?

आधी आवृत्ती बघा, निम्मा निकाल तिथेच लागतो. एक्स्चेंज 2000 आणि 2003 ला डीएनएस (पूर्ण नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) कितीही पक्कं असलं तरी नेटबायॉसची, म्हणजे विंडोजची जुनी छोटी नावं लागायचीच. सेटअप, मेलबॉक्स उपसणारं एक्समर्ज, आऊटलुक 2002 आणि त्याआधीचे क्लायंट हे सगळे सर्व्हरला पंधरा अक्षरांच्या आतल्या छोट्या नावाने हाक मारायचे. एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच तुकड्यात, ब्रॉडकास्टवर (सगळ्या मशीनना एकदम विचारून) भागायचं. पण ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, म्हणून दुसरी शाखा उघडली की विन्स आलंच. आजच्या एक्स्चेंजचं तसं नाही. डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारा सर्व्हर) डीएनएसच्या एसआरव्ही, म्हणजे सेवा कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींतून सापडतो, बाहेरची मेल एमएक्स, म्हणजे मेल कुठे द्यायची ती डीएनएस नोंद बघून येते, ऑफिसबाहेरचा आऊटलुक ऑटोडिस्कव्हरसाठी (मेलची सेटिंग आपोआप शोधायला) डीएनएसलाच विचारतो. नव्या मेल सर्व्हरसाठी विन्स नको, यात मला शंका नाही.

अडचण मेलच्या आजूबाजूला असते. एका हिशोबाच्या ऑफिसात आम्ही शुक्रवारी संध्याकाळी विन्स बंद केलं. सोमवारी मेल ठणठणीत, आणि शाखेतलं कॉपी मशीन मुकं! स्कॅन ज्या फोल्डरमध्ये टाकायचं त्याच्या पत्त्यात सर्व्हरचं नुसतं एका शब्दाचं नाव होतं. मशीनवर पूर्ण डीएनएस नाव टाकलं, पाच मिनिटांत काम झालं. ते शोधायला मात्र अर्धा दिवस गेला.

म्हणून काढण्याआधी मोजा. विन्सच्या कन्सोलमधल्या लांबलचक यादीवर जाऊ नका: विन्सचा पत्ता मिळालेलं प्रत्येक विंडोज मशीन तिथे आपणहून नाव नोंदवतं, वापर असो वा नसो. नोंदणी सोडा, विचारणा बघा. वायरशार्क (नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं साधन) लावून आठवडाभर यूडीपी 137 वर, म्हणजे नेटबायॉस नावांच्या पोर्टवर, कोण कुणाचं नाव विचारतंय ते टिपा.

विचारली जाणारी नावं दोन-चारच निघाली तर विंडोज सर्व्हर 2008 पासून असलेला ग्लोबलनेम्स झोन (एका शब्दाच्या नावांची डीएनएसमधली यादी) पुरतो. नोंदी हाताने कराव्या लागतात एवढंच. डोमेन एकच असेल तर तेही नको, डीएनएस सफिक्स (छोट्या नावामागे आपोआप जोडलं जाणारं डोमेनचं नाव) नीट दिला की झालं. नावं डझनांनी निघाली, कारखान्यातली जुनी यंत्रं त्यात असली, तर विन्स आणखी काही दिवस राहू द्या. पण फार वर्षं नाही, कारण विंडोज सर्व्हर 2025 ही विन्स असलेली शेवटचीच आवृत्ती आहे.

अर्धवट काढणं सगळ्यात वाईट. विन्स गेलं आणि नेटबायॉस चालू राहिलं, तर मशीन विचारणा ब्रॉडकास्टने ओरडून करतं. त्याला नेटवर्कवरचं कुणीही खोटं उत्तर देऊन पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप) पळवू शकतं. डीएचसीपीतले (मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेतले) 44 आणि 46 हे पर्याय, म्हणजे विन्सचा पत्ता आणि नाव शोधायची पद्धत, काढा, नेटवर्क कार्डावरचं नेटबायॉसही बंद करा. विन्सची सेवा मात्र आधी नुसती थांबवा. महिनाअखेरचे पगार आणि हिशोब एकदा पार पडू देत, मग विन्सचं फीचर काढा.